जुन्या काडतुसांचा विषारी धूर

जुन्या घराच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटाऱ्यांत एखादें काडतूस सांपडलें, कीं पहिली भीति वाटते ती स्फोटाची. ती यथार्थच आहे. परंतु अशा काडतुसाचा धूरहि घातक असतो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

काडतुसाच्या बुडाशीं पेट घेणारें द्रव्य पूर्वीं पाऱ्यापासून बनवीत. विसाव्या शतकांत त्याची जागा शिशाच्या संयुगानें घेतली. बार उडतांच पहिल्यांतून पाऱ्याची वाफ निघते, तर दुसऱ्यांतून शिशाची सूक्ष्म धूळ. श्वासावाटें गेलेलें शिसें रक्तांत उतरतें व हाडांत वर्षानुवर्षें ठाण मांडून बसतें. कपड्यांवरून तीच धूळ घरीं येते. मुलांच्या वाढत्या मेंदूला तिचा अपाय सर्वांत अधिक.

न उडालेला साठाहि निरुपद्रवी नव्हे. धूररहित दारूंतील नायट्रोसेल्युलोज उष्णतेनें व काळानें आपोआप विघटित होतें आणि त्यांतून तांबूस-पिंगट नायट्रोजन डायऑक्साइड वायु सुटतो. बंद डब्यांत तो सांचून राहतो. अशाच बिघडलेल्या दारूमुळें १९११ सालीं तूलाँ बंदरांत ‘लिबर्ते’ ही फ्रेंच युद्धनौका स्फोटानें नष्ट झाली. हा वायु नाकांत गेल्यावर आरंभीं थोडा खोकला येतो, मग बरें वाटूं लागतें. पण कांहीं तासांनीं फुप्फुसांत पाणी सांठून जीव घाबरा होतो. तेव्हां ‘आतां बरें आहे’ म्हणून स्वस्थ बसणें हाच खरा धोका.

म्हणून काडतूस उघडूं नये, जाळूं नये, पोलिसांना कळवावें. वायु हुंगला गेल्यास मोकळ्या हवेंत यावें, श्रम टाळावेत व त्रास नसला तरी तत्काळ डॉक्टरांस दाखवावें.