मेन स्विच पाडला, तरी पॅनेल चालूच

पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यापासून घरोघरी छतावर पॅनेल चढत आहेत. त्यांच्यासोबत एक घातक समजही घरात येतो: वीज गेली किंवा मेन स्विच पाडला, की सोलरमध्येही करंट उरत नाही.

हे निम्मेच खरे आहे. महावितरणची वीज गेली की बॅटरी नसलेल्या सोलरचा इन्व्हर्टर आपणहून थांबतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातल्या विजेचा झटका बसता कामा नये. पॅनेलला मात्र स्विच नसतो. उजेड आहे तोवर त्यात व्होल्टेज असतेच, आभाळ भरलेले असले तरी. एका पॅनेलचे साधारण 40 ते 50 व्होल्ट. सहा-आठ पॅनेल ओळीने जोडली की इन्व्हर्टरकडे उतरणाऱ्या केबलमध्ये अडीचशे ते चारशे व्होल्ट डीसी खेळत असतो. डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची केबल इन्व्हर्टरपासून तोडणारा स्विच, बंद केला तरी त्याच्या वरची केबल जिवंतच राहते.

‘डीसी म्हणजे बॅटरीचाच करंट, त्याला काय घाबरायचे?’ असेही अनेकजण म्हणतात. इतक्या व्होल्टेजचा डीसी जीव घेऊ शकतो. शिवाय घरातला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी लवकर विझते. डीसी शून्यावर येतच नाही. सैल जोडातली ठिणगी पेटती राहते, प्लास्टिक वितळवते, आग लावते. म्हणून भर उन्हात केबलचे कनेक्टर ओढून काढू नयेत. उंदरांनी कुरतडलेली केबल टेप गुंडाळून चालवणे तर त्याहून वाईट.

पॅनेल धुवायची तर पहाटे, काच गार असताना, साध्या पाण्याने. तडा गेलेल्या पॅनेलवर पाणी मारू नका, हातही लावू नका, तंत्रज्ञाला बोलवा.

पॅनेल आकाशातली वीज ओढून घेतात, ही भीती निराधार आहे. पण लाइटनिंग अरेस्टरला नीट अर्थिंग नसेल तर तो नुसता शोभेचा दांडा. घासाघीस करायची तर इतर कशातही करा, अर्थिंगमध्ये नको. पावसाळ्याआधी ते तपासूनही घ्या.

आग लागलीच तर बादलीने पाणी फेकू नका. 101 वर फोन करताना ‘छतावर सोलर आहे’ हे आधी सांगा. डीसी आयसोलेटर कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला आणि सोसायटीच्या वॉचमनलाही आजच दाखवून ठेवा.