एका कड्याची करामत

गुलाबाच्या किंवा पीचच्या झाडाच्या बुंध्याशी, अगदी मातीलगत, कधी कधी खडबडीत गाठ वाढते. माणसाला आवाळू यावं तशी. झाड लगेच मरत नाही, पण खुरटत जातं. ही गाठ अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूमुळे होते, हे अमेरिकेतल्या स्मिथ आणि टाऊनसेंड यांनी १९०७ साली दाखवलं.

पण या जातीचे सगळेच जिवाणू रोग करत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलन कर यांनी रोगट आणि निरुपद्रवी जिवाणू एकाच रोपावर सोडले, तर निरुपद्रवीही गाठी करू लागले. ही गोष्ट १९६९ ची. पुढे १९७१ मध्ये याच्या उलट दिसलं. एक रोगट वाण ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेइतक्या तापमानात वाढवला, तेव्हा तो जगला, वाढला. पण गाठ करण्याची ताकद मात्र गमावून बसला. मग त्याच्याजवळून गेलं तरी काय?

उत्तर बेल्जियममधल्या गेंट शहरात १९७४ साली मिळालं. शेल, व्हॅन माँटेग्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रोगट जिवाणूंत डीएनएचं एक मोठं कडं सापडलं. निरुपद्रवी जिवाणूंत ते नव्हतं. गुणसूत्रापासून वेगळ्या राहणाऱ्या अशा कड्याला प्लास्मिड म्हणतात. ते हरवू शकतं, तसंच एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊही शकतं.

झाडाला जखम झाली, की तिथून काही रसायनं पाझरतात. त्यांची चाहूल लागताच कड्यावरची जनुकं कामाला लागतात. कड्यातल्या एका भागाची प्रत झाडाच्या पेशीत शिरते आणि तिच्या गुणसूत्रात जाऊन बसते. मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये याचा पुरावा दिला. मग पेशी वाढीची संप्रेरकं बेसुमार बनवते, आणि जिवाणूला लागणारं खास अन्नही तीच तयार करते. पुढे जिवाणू मेला, तरी गाठ वाढतच राहते! म्हणून लागवडीच्या वेळी बुंध्याला, मुळांना इजा होऊ न देणं आणि कलमाचा चाकू स्वच्छ ठेवणं, हे उपचारापेक्षा मोलाचं.

याच कड्यातली गाठ करणारी जनुकं काढून माणसानं तिथं आपल्याला हवी ती बसवली. आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसात परकं जनुक शिरलं, ते याच जिवाणूच्या हातून. विदर्भातल्या शेतकऱ्यानं हा जिवाणू कधी पाहिला नसेल. पण त्याची करामत त्याच्या शेतात उगवली आहे.