अढीतली ऊब

मे महिन्यात ओरोस, कसाल, कुडाळकडच्या कुठल्याही घरात अढीत हात घालून बघा. खाली-वर गवत, मध्ये हापूसचे थर, आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त ऊब. गवत ती फक्त कोंडून धरतं. ऊब आंब्याची असते. झाडावरून उतरवलं तरी फळ जिवंतच असतं, त्याच्या पेशींचं श्वसन चालू राहतं.

इंधन फळातच असतं. कच्च्या आंब्यातल्या पिष्टाची पिकताना साखर होते. पेशी ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू करते. याला ऑक्सिजन लागत नाही, पण पदरात पडतात एटीपीचे जेमतेम २ रेणू. पेशीला थेट वापरता येणारी ऊर्जा एटीपीतच असते, त्यामुळे एवढ्यावर भागत नाही.

पुढचं काम तंतुकणिकेत. तिथे पायरुव्हिक आम्लातला एक कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. उरलेला दोन कार्बनांचा तुकडा चार कार्बनांच्या संयुगाला जोडला जातो आणि तयार होतं सायट्रिक आम्ल. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली मांडलेलं चक्र इथूनच सुरू होतं. मला यातली गंमत वाटते ती अशी, की कैरी मुख्यतः आंबट लागते तीही याच आम्लामुळे. पिकताना तो साठा याच चक्रात खर्ची पडतो. म्हणजे आंबा गोड होतो तो नुसती साखर वाढून नव्हे; त्याचा बराचसा आंबटपणा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेलेला असतो.

चक्रातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरून टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत जातात आणि तिथे पाणी तयार होतं. वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. ते परतताना एक विकर अक्षरशः फिरवतात, कोयनेचं पाणी पोफळीची टर्बाइनं फिरवतं तसं, आणि त्या फिरण्यातून एटीपी बनतं. एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे ३०. तरीही निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन निसटते. अढीतली ऊब ती हीच.

पिकायला लागताना हापूसचं श्वसन एकदम वाढतं. त्याच सुमारास फळातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारच्या फळांनाही पिकायला लावतो. फळं हवाबंद कोंडली, तर ऑक्सिजन संपून पेशी किण्वनावर येतात: पुन्हा तेच २ एटीपी, आणि जोडीला अल्कोहोलचा वास. म्हणून पेटीला भोकं हवीतच. थंडाव्यात श्वसन मंदावतं आणि आंबा जास्त दिवस टिकतो. मात्र साधारण १३ अंश सेल्सिअसच्या फार खाली नेला तर गारठ्याने साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही.