अर्धवट कॅमारोची विक्री
लेखमाला : जुन्या अमेरिकी मोटारी — लेखांक ९

दोन दारांच्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून अमेरिकी कारखान्यांनी ज्या वेगवान मोटारी विकल्या, त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. या वर्गाची सुरुवात बहुधा १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून धरली जाते. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हा काळ संपवला. पुढे अनेक मालकांनी या गाड्या नव्यासारख्या करण्यासाठी खोलल्या आणि काम अर्ध्यावर सोडले. इंजिन बाहेर, सीट खोक्यात, पत्रा उघडा अशा अवस्थेतली गाडी बाजारात ‘प्रोजेक्ट कार’ म्हणून विकली जाते. शेव्हर्ले कंपनीची १९६९ ची कॅमारो हे तिचे नमुनेदार उदाहरण आहे.

अशा विक्रीत तीन गोष्टी हात बदलतात : गाडीची ओळख, तिचा सांगाडा आणि सुटे भाग. भाग पुन्हा मिळवता येतात, सांगाडा दुरुस्त करता येतो. हरवलेली ओळख मात्र परत आणता येत नाही. म्हणून विक्रीची तयारी ओळखीपासून करावी लागते.

ओळख

सतरा अक्षर-अंकांचा वाहन क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून आला. १९६९ च्या कॅमारोचा क्रमांक तेरा स्थानांचा आहे. ‘१२४३७९एन’ अशा सुरुवातीत १२४३७ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कूपे, ९ म्हणजे १९६९ चे मॉडेल आणि ‘एन’ म्हणजे ओहायोतील नॉरवूडचा कारखाना. ‘एन’च्या जागी ‘एल’ असेल तर गाडी कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइसची. या क्रमांकाची पट्टी डॅशबोर्डवर चालकाच्या बाजूला असते आणि समोरच्या काचेतून दिसते. क्रमांकाचा शेवटचा भाग हीटरच्या खोक्यामागच्या पत्र्यावरही ठोकलेला असतो. अर्धवट खोललेल्या गाडीत ही जागा सहसा उघडीच असते, त्यामुळे तिचा फोटो सहज घेता येतो.

हा क्रमांक एका बाबतीत मात्र काहीच सांगत नाही. क्रायस्लरच्या त्या काळातील क्रमांकात पाचवे अक्षर इंजिनाचे असते. कॅमारोच्या क्रमांकावरून फक्त सहा सिलिंडर की आठ एवढेच कळते. गाडी साधी आहे की ३०२ घनइंचांच्या इंजिनाची झेड/२८, हे सिद्ध करायला दुसरा पुरावा लागतो. इंजिनाच्या डब्यातील पत्र्यावरच्या पट्टीवर रंग, अंतर्गत सजावट आणि बांधणीचा आठवडा यांच्या खुणा असतात. डिसेंबर १९६८ पासून नॉरवूडच्या पट्ट्यांवर ‘एक्स’ने सुरू होणारी खूणही येते, तिथे एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर ती झेड/२८ ठरते. याशिवाय कारखान्याचा बांधणी-कागद सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. सीट विकण्यापूर्वी आणि टाकी फेकण्यापूर्वी तिथे शोध घ्यावाच, कारण पाँटियाकची कारखान्यातील नोंद आज मागवता येते, तशी अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक शेव्हर्लेची मागवता येत नाही.

मूळ इंजिन हा ओळखीचाच भाग आहे. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या समोर, एक सपाट जागा असते. तिथे कारखान्याचे अक्षर, जुळणीचा महिना-दिवस आणि इंजिनाची खूण ठोकलेली असते. ‘व्ही०३१५डीझेड’ म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात १५ मार्चला जुळलेले, १९६९ च्या झेड/२८ चे इंजिन. गाडीच्या क्रमांकाचा भाग तिथेच किंवा तेलाच्या फिल्टरजवळ असतो. सपाट जागेवर यंत्रकामाच्या बारीक समांतर रेषा राहिलेल्या असतात. नंबर घासून नवा ठोकला की त्या रेषा नाहीशा होतात, आणि जाणकार ग्राहक आधी त्याच पाहतो. म्हणून ही जागा तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने कधीही घासू नये. द्रावणात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून तिरप्या उजेडात फोटो घ्यावा.

मालकीचा कागद, म्हणजे राज्याने दिलेले ‘टायटल’, पट्टीवरील क्रमांकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावे. ते वडिलांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असेल, अथवा त्यावर कर्जाची नोंद असेल, तर जाहिरातीपूर्वी ते दुरुस्त करून घ्यावे. काही राज्ये फार जुन्या गाड्यांना टायटल देत नाहीत. तिथे जुनी नोंदणी आणि विक्रीपावती उपयोगी पडते. वाहन क्रमांक बदलणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. एका गाडीची पट्टी काढून दुसऱ्या सांगाड्याला लावण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये.

सांगाडा

कॅमारोच्या पुढच्या भागाला वेगळी चौकट आहे. मागचा भाग चौकटीविना, पत्र्यानेच पेललेला. त्यामुळे मागचा गंज केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीची ताकदच कमी होते. पाणी साचण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : समोरच्या काचेखालचा हवेचा पन्हळ, मागच्या काचेभोवतीची कड, पायांखालचा तळ, डिक्कीचा तळ आणि मागच्या चाकांपलीकडचा बाजूचा पत्रा. लोहचुंबक फिरवल्यावर तो जिथे धरत नाही, तिथे पुट्टी भरलेली असते. अशा प्रत्येक जागेचा फोटो जाहिरातीत द्यावा. लपवलेला गंज ग्राहकाला पाहणीत सापडला, तर त्याचा विक्रेत्याच्या बाकी सगळ्या माहितीवरचाही विश्वास उडतो.

सुटे भाग

अर्धवट गाडीचे भाव सुट्या भागांच्या यादीवर ठरतात, आणि त्या यादीचे दोन रकाने असावेत : काय आहे आणि काय नाही. दुसरा रकाना बहुतेक जण गाळतात; ग्राहकाला नेमका तोच हवा असतो, कारण पुढचा खर्च त्यावरूनच काढता येतो.

सगळ्या उणिवा सारख्या नसतात. कॅमारोचे मडगार्ड, तळाचे पत्रे, गालिचे, सीटची आवरणे, रबर हे सगळे नव्याने बनवलेले सहज मिळते. १९६९ चा संपूर्ण नवा सांगाडाही तयार मिळतो. दुर्मीळ असतात ते गाडीच्याच काळातले, तारखेच्या खुणा असलेले भाग : कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल. शेव्हर्लेच्या ओतीव भागांवर महिन्यासाठी ‘ए’ ते ‘एल’ अक्षर, मग दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक असतो. भागाची तारीख गाडीच्या बांधणीच्या थोडी आधीची असावी. नंतरची असेल तर तो भाग मागाहून बसवलेला. प्रदूषण कमी करणारा हवेचा पंप त्या काळी अनेकांनी काढून फेकला, म्हणून तो शिल्लक असेल तर वेगळा नोंदवावा. ब्रॅकेट, क्लिपा, बोल्ट पिशव्यांत घालून नावे लिहावीत, आणि सगळे भाग जमिनीवर गटागटाने मांडून फोटो काढावेत.

किंमत आणि हस्तांतर

पूर्ण गाडीच्या किमतीतून कामाचा खर्च वजा करावा, हा हिशेब सरळ दिसतो. पण साध्या गाडीला नवे रूप देण्याचा खर्च पुष्कळदा तयार गाडीच्या किमतीहून जास्त होतो, आणि वजाबाकी शून्याखाली जाते. म्हणून तशाच अवस्थेतल्या गाड्या प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या, हे पाहावे. साध्या व्ही-८ कॅमारोत इंजिन नसले तरी ग्राहक हवे ते बसवतो, भाव फार पडत नाही. झेड/२८ चे मूळ इंजिन गेले असेल तर तूट मोठी असते. भाग सुटे विकून कधी जास्त पैसे येतात. पण महिने जातात, आणि मूळ इंजिन असलेली गाडी त्यात कायमची नाहीशी होते. ओळख शाबूत असेल तर गाडी एकत्र विकणेच योग्य.

चाके फिरतील आणि स्टिअरिंग वळेल एवढे काम विक्रीपूर्वी करून घ्यावे. न ढकलता येणारी गाडी वाहून नेणे महाग पडते. पैसे बँकेत खरोखर जमा झाल्याची खात्री होईपर्यंत टायटल हाती देऊ नये, कारण बनावट बँक-धनादेश ही जुनी फसवणूक आहे. विक्रीपावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहून वाहन क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि भागांची यादी जोडावी, खोक्यांना यादीप्रमाणे क्रमांक द्यावेत आणि दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. कॅलिफोर्नियात विक्रेत्याने पाच दिवसांच्या आत मोटार वाहन खात्याला विक्री कळवावी लागते. इतर राज्यांतला नियम त्या-त्या खात्याकडून आधीच विचारून घ्यावा.