शाळा बदलली की टक्के वाढतात का?

मे महिना संपत आला की बँकेत सोने तारण कर्जाच्या टेबलापुढची रांग वाढते. पेरणीसाठी येणारे असतात, लग्नाचे देणे फेडणारे असतात, आणि अलीकडे तिसरा एक वर्ग दिसू लागला आहे. तो म्हणजे मुलांच्या शाळाप्रवेशासाठी दागिने घेऊन येणाऱ्या आयांचा. दोन वर्षांपूर्वी आपल्याच वसाहतीतील एक भगिनी अशाच आल्या होत्या. दोन बांगड्या ठेवायच्या होत्या. मुलगा आठवी पास झालेला. त्याला जवळच्या शाळेतून काढून शहरातील एका नामांकित शाळेत नववीला घालायचे होते. त्या शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा भला मोठा फलक आहे. अर्जावर सही करता करता त्यांनी मला विचारले, "भाऊ, तिथं घातला तर पोरगा पंच्याऐंशीच्या पुढं जाईल ना?"

मी व्हाउचरवर शिक्का मारला आणि "अभ्यास केला तर जाईल ताई" असे बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही, बी. ए. झालेला साधा लिपिक आहे. परंतु एखादा आकडा कोणत्या आकड्यांतून आला हे पाहणे हे माझे रोजचेच काम. त्या सवयीने जे वाचले, पडताळले, ते स्मरणिकेच्या निमित्ताने समाजबांधवांपुढे आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

प्रथम तो फलकावरचा आकडा पाहू. समजा, दोन शाळा आहेत. दोन्ही शाळांत नववीला ६० विद्यार्थी. पहिल्या शाळेने त्यांतील कच्चे २० नववीतच थांबविले किंवा दाखला देऊन वाटेला लावले. दहावीला ४० बसले, ४० पास झाले. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेने साठच्या साठ दहावीला बसविले, त्यांतले ५० पास झाले. निकाल ८३ टक्के. वर्तमानपत्रात पहिल्या शाळेचे अभिनंदन छापून येईल, पेढे वाटले जातील. प्रत्यक्षात दुसऱ्या शाळेने दहा मुले जास्त पार केली आहेत. टक्केवारी कशाची काढली, म्हणजे छेदस्थानी कोण आहे, हे विचारल्याशिवाय तिला काही अर्थ नसतो.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. नववीतील कच्च्या विद्यार्थ्याला 'सतरा नंबरचा फॉर्म भर' असे सांगणे आपल्याकडे नवे नाही. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज. ज्यांची शाळा काही कारणाने सुटली, ज्यांना काम करून शिकायचे आहे, त्यांच्यासाठी ही सोय अतिशय मोलाची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण जो रोज शाळेत येतो त्याला केवळ निकालाची टक्केवारी घसरू नये म्हणून या वाटेने लावणे ही निराळी गोष्ट झाली. मी ज्या शाळेत शिकलो तेथे माझ्याच बाकावर बसणारा मित्र असा बाहेर पडला. "दाखला ने, वर घालतो" असे त्याच्या वडिलांना सांगण्यात आले. वडील हमाली करीत. त्यांना वाटले, गुरुजी उपकार करीत आहेत. मित्राने फॉर्म भरला, इंग्रजी आणि गणितात दोनदा नापास झाला आणि नाद सोडला. आज तो टेम्पो चालवितो आणि भाड्याचा हिशेब माझ्यापेक्षा लवकर करतो. आमच्या शाळेचा निकाल त्या वर्षी फार चांगला लागला होता. त्या निकालात मी आहे, तो नाही.

आता शाळेच्या हातात प्रत्यक्ष किती गुण असतात ते पाहू. दहावीची लेखी परीक्षा राज्य मंडळ घेते. शहरातील नामांकित शाळेला आणि डोंगरातल्या आश्रमशाळेला एकाच विषयाची प्रश्नपत्रिका एकच असते. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, तपासणाऱ्याला मूल कोणत्या शाळेचे हे कळत नाही. तेव्हा मोठ्या शाळेचे नाव पाहून हात सैल सोडण्याचा प्रश्न येत नाही. शाळेच्या हातात असतात ते तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाचे शंभरपैकी २० गुण. हे वीस गुण काय करू शकतात याचा धडा अख्ख्या महाराष्ट्राने २०१९ साली घेतला. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेकडचे गुण बंद करून सर्व गुण लेखी परीक्षेला दिले होते. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ साली ७७.१० वर आला. एका वर्षात मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी कमी झाली असे कोणी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी ते गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली कोरोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, सारे मूल्यमापन शाळांनी केले, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के होता! म्हणजे जेथे शाळेच्या हाती गुण तेथे निकाल वर, हे खरे. पण ते सगळ्याच शाळांच्या बाबतीत खरे आहे. बहुतेक शाळा त्या विसांपैकी भरपूर गुण देतात, म्हणून या गुणांसाठी शाळा बदलण्यात हशील नाही.

मग उरलेल्या ८० गुणांचे काय? तेथे शाळेचा हात किती, घराचा किती? या प्रश्नावर जगात बरेच संशोधन झाले आहे आणि ते गमतीचे आहे, कारण उत्तरे एकमेकांशी भांडतात. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांवर विद्यार्थी त्यात पाहिले होते. शाळेच्या इमारती, सोयी, खर्च यांपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि सोबतची मुले यांचाच गुणांशी अधिक संबंध आहे, असे त्यात निघाले. पुष्कळांनी त्याचा अर्थ 'शाळेने काही होत नाही' असा घेतला. पण १९८३ साली हेनेमन आणि लॉक्सले या अभ्यासकांनी २९ देशांची माहिती तपासली. त्यांना असे दिसले की देश जितका गरीब तितका शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा. मला हे पटते. ज्या घरात शब्दकोश आहे, वर्तमानपत्र येते, आई गणित सोडवून दाखवू शकते, तेथे शाळा कमी पडली तरी घर भरून काढते. ज्या घरात हे काहीच नाही त्या मुलाला शाळा हाच एक दरवाजा असतो.

पण कोणती शाळा? येथे आंध्र प्रदेशातील एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १८० गावांत हा प्रयोग झाला. सरकारी शाळेतील मुलांना खाजगी शाळेत जाण्यासाठी चिठ्ठ्या टाकून शिष्यवृत्ती देण्यात आली. चिठ्ठ्या टाकण्यातच सारी खुबी आहे. एरवी खाजगी शाळेत जाणाऱ्याच्या घरी थोडा पैसा अधिक, शिक्षण अधिक, त्यामुळे यश शाळेचे की घराचे हे कळत नाही. चिठ्ठीत दोन्हीकडे सारखीच घरे येतात. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्हीकडच्या मुलांत फरक आढळला नाही. हिंदीत खाजगीची मुले पुढे होती, कारण तेथे हिंदीला तास जास्त होते. खाजगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी वेळ देऊन आणि बराच कमी खर्च करून हे साधले, ही गोष्टही त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. तथापि, शाळा बदलल्याबरोबर गणिताचे गुण चढतात, ही समजूत तेथे टिकली नाही.

बोस्टन आणि न्यूयॉर्क येथे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या प्रसिद्ध सरकारी शाळा आहेत. एकदोन गुणांनी प्रवेश मिळालेली आणि एकदोन गुणांनी हुकलेली अशा मुलांची तुलना तीन अर्थशास्त्रज्ञांनी केली. दोघांची कुवत जवळजवळ सारखीच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुढच्या परीक्षांत दोघांत फारसा फरक दिसला नाही. हुशार मुले निवडून घ्यायची आणि नंतर त्यांच्या हुशारीचे श्रेय शाळेने घ्यायचे, असा हा मामला. आपल्याकडच्या 'तुकडी अ' ची गोष्ट काही वेगळी आहे काय?

यावरून सगळ्या शाळा सारख्याच असेही समजू नये. लंडनमध्ये मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ शाळांचा काही वर्षे अभ्यास करून १९७९ साली ग्रंथ लिहिला. त्याचे नावच 'पंधरा हजार तास', कारण मूल शालेय जीवनात जवळजवळ तेवढे तास शाळेत घालविते. सारख्याच वस्तीतील मुले असूनही शाळाशाळांत फरक पडतो, असे त्यांना आढळले. तो कशाने? इमारत जुनी की नवी, मुले जास्त की कमी, याने नाही. तास वेळेवर सुरू होतो का, गृहपाठ दिला आणि तपासला जातो का, मुलांना शाबासकी मिळते का, त्यांच्यावर काही जबाबदारी सोपवितात का, अशा साध्या गोष्टींनी. या गोष्टी फलकावर लिहिता येत नाहीत.

डॉ. बाबासाहेबांचे उदाहरण आपण नेहमी देतो, पण या अंगाने क्वचितच पाहतो. एल्फिन्स्टन हायस्कूल ही त्या काळची मुंबईतील नावाजलेली सरकारी शाळा. तेथून १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकविण्यास नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. शाळा नामांकित होती, पण तिच्या वर्गात त्यांच्या वाट्याला काय आले हे आपण जाणतो. परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मुलाला अभ्यासाला उठवून मग झोपत. बागेत वाचत बसलेल्या या विद्यार्थ्याची चौकशी करून त्याला पुस्तके देणारे केळुसकर गुरुजी तर दुसऱ्याच, विल्सन हायस्कूलमधले. पुढे बाबासाहेबांनी स्वतः शिक्षणसंस्था काढली तेव्हा कोणत्या गोष्टी पाहिल्या? सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले, त्याचे वर्ग सकाळी, नोकरी करणाऱ्याला येता यावे म्हणून. १९५० साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय निघाले, त्याच्याबरोबर वसतिगृहे. घरात जे नाही ते संस्थेने पुरवावे, हा त्यातला हिशेब मला दिसतो.

म्हणून शाळा निवडताना पालकांनी फलक सोडून हजेरीपट विचारावा, असे माझे मत आहे. मागच्या वर्षी नववीला किती होते आणि दहावीला किती बसले? गणित, इंग्रजीचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर येऊन-जाऊन? घटक चाचणीचे पेपर तपासून मुलांच्या हाती परत मिळतात का? प्रयोगशाळेला कुलूप आहे की ती वापरात आहे? मुलाचा जाण्यायेण्यात किती वेळ जाणार? रोज अडीच तास बसमध्ये गेले तर ते अभ्यासातून आणि झोपेतूनच जाणार. आणि नववीत मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत घालण्याआधी दहा वेळा विचार करावा. 'प्रकाशसंश्लेषण' समजलेल्या मुलाला नुसता इंग्रजी शब्द पाठ करण्यात वर्ष घालवावे लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर मूल शिकत असेल तर आणखी एक गोष्ट. ती मोफत सोय आठवीपर्यंतच आहे. नववीची फी समोर आली की अनेक पालक गडबडतात आणि आमच्या टेबलाशी येतात. ती तयारी सहावी-सातवीपासून हवी.

त्या भगिनींच्या मुलाचा निकाल यंदा लागला. त्याला ७१ टक्के मिळाले. जुन्या शाळेत राहिलेल्या त्याच्या मित्राला ७४. वसाहतीत लगेच चर्चा झाली की बांगड्या फुकट गेल्या. एका जोडीवरून असे काही सिद्ध होत नाही, तो मित्र मुळातच थोडा पुढे असेल, हे मी दोघाचौघांना समजावून पाहिले, कोणाला पटले नाही. कर्जाचे एकदा नूतनीकरण करून अखेर बांगड्या सुटल्या. त्या घेऊन जाताना ताईंनी सांगितले की धाकटीला जवळच्याच शाळेत ठेवणार आहेत, पण या वेळी त्या आधी मुख्याध्यापकांकडे गेल्या होत्या. नववीला किती आणि दहावीला किती, असे त्यांनी सरळ विचारले. मुख्याध्यापक क्षणभर गप्प राहिले, मग शिपायाला म्हणाले, "दोन्ही वर्षांचे हजेरीपट आण, आणि ताईंना खुर्ची दे."