उभी गाडी लवकर मरते

जुनी फियाट किंवा जीप जपायची तर पैशाइतकंच मोल आहे ते नियमित फिरणाऱ्या चाकांना आणि हाताशी असलेल्या मिस्त्रीला. या दोन्ही बाबतींत केंदूर-पाबळसारखी गावं शहरांपेक्षा सरस आहेत.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २०१७ पासून जीप कंपास तयार होते. त्याच कारखान्यातून काही वर्षांपूर्वीपर्यंत फियाटच्या पुंटो आणि लिनिया बाहेर पडत होत्या. शिरूर तालुक्यातल्या जुन्या माणसांना मात्र फियाट आणि जीप ही नावं ऐकली की वेगळ्याच गाड्या आठवतात. डॉक्टरांची, नवरदेवाला घेऊन येणारी फियाट. पुढाऱ्याची, ठेकेदाराची आणि नंतर दहाच्या जागी पंधरा माणसं कोंबून वडाप करणारी जीप. त्यातल्या बहुतेक भंगारात गेल्या. पण केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई या पट्ट्यातल्या एखाद्या पडवीत, कांद्याच्या चाळीशेजारी, ताडपत्रीखाली अशी गाडी अजूनही निघू शकते.

तशी गाडी असलेल्या घराला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘भंगारवाल्याला देऊन जागा मोकळी करा.’ दुसरा, ‘झाकून ठेवा, पुढे लाखांत जाईल.’ पहिला सल्ला निदान प्रामाणिक आहे. दुसरा मात्र गाडीचा जीव घेतो.

न चालण्याचे परिणाम

दावणीला बांधून ठेवलेला बैल जसा कामातून जातो, तशीच उभी केलेली गाडी. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि सिलिंडर आतून गंजतात. रबरी सील सुकून चिरतात. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन त्याचा डिंकासारखा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो. बॅटरी बसते, टायर एकाच जागी दबून चपटे होतात आणि धान्याच्या वासाने आलेले उंदीर वायरी कुरतडतात.

यावर अनेकजण उपाय करतात तो असा: आठवड्यातून एकदा गाडी जागेवरच पाच मिनिटं चालू करायची. याने फायद्यापेक्षा तोटा जास्त. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरतं तापलं नाही तर ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि इंजिनच्या तेलात उतरते. सायलेन्सर आतून सडतो, तेल आम्लयुक्त होतं. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर गाडी खरोखर चालवावी. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं एकदा तापून मोकळं होतं. केंदूरहून पाबळमार्गे एक फेरी मारून आलं की हे काम भागतं.

कागद काय म्हणतात

जुनी गाडी कोणती, याचं उत्तर कोणाला विचारता त्यावर ठरतं. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या लेखी तीस वर्षं पुरेशी आहेत. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात ३१ डिसेंबर १९४०पूर्वीच्या गाड्यांनाच सवलत होती आणि तीही ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ने दाखला दिला तरच. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये नियम काढून ही रेषा पन्नास वर्षांवर आखली.

या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी आणि पुढचं नूतनीकरण ५,००० रुपयांत. नव्याने मिळणाऱ्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो, आणि हौशी माणसाने तो ठेवावाच. या गाडीचा व्यावसायिक किंवा रोजचा वापर चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

फियाटचं प्रीमिअर पद्मिनी हे नाव १९७४मध्ये आलं. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडताहेत. त्यापेक्षा तरुण गाडीची अवस्था मात्र अवघड. १९८५ची जीप ना नवी, ना व्हिंटेज. तिला दर पाच वर्षांनी योग्यता तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर चुकत नाही. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क तर ऑगस्ट २०२५मध्ये १०,००० रुपयांवर गेलं. ही मधली वर्षं ज्या घराने सोसली, त्याच घरातून पुढची व्हिंटेज गाडी निघणार.

‘मूळ रूपात’ ही अट ग्रामीण भागात सर्वांत जास्त आड येते. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झाला असेल तर गाडी या नियमात बसत नाही. महिंद्राने १९४७च्या सुमारास विलीज जीप जुळवायला घेतली. उंच बॉनेटची सीजे-३बी तिच्यापुढची. बॉनेट उंच, कारण खालचं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन उंच. ते पेट्रोल फार पिई, म्हणून वडापच्या दिवसांत असंख्य जीपना डिझेल इंजिन बसवलं गेलं. पोट भरायला तो निर्णय शहाणपणाचा होता, पण आज तीच जीप मूळ रूपाच्या कसोटीवर नापास होते. काढलेलं पेट्रोल इंजिन कुठल्या कोपऱ्यात पडून असेल तर ते भंगारात देण्याआधी दोनदा विचार करा.

फियाट का तगली

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या गेल्या, पन्नासच्या दशकात फियाट आली. गोलमटोल बांध्याची डुक्कर फियाट, मग १९६४ची ११०० डिलाइट आणि तिचंच पुढचं नाव पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. डिलाइटपासूनचा हा साचा शतक संपेपर्यंत जवळपास तसाच राहिला. ग्राहक तेव्हा त्याबद्दल बोटं मोडत. आज त्याचाच फायदा होतो, कारण एका वर्षीचे अनेक भाग दुसऱ्या वर्षीच्या गाडीला लागतात. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, पण तिच्यावर हात बसलेले मिस्त्री आणि तिचे सुटे भाग एका रात्रीत संपलेले नाहीत. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड ही ठिकाणं अजून पालथी घालावी अशीच आहेत.

उसाचं पेट्रोल

जुन्या गाडीसमोरचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न टाकीत आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसापासून होणाऱ्या इथेनॉलने साखर कारखान्यांना साखरेपलीकडचं उत्पन्न दिलं. घोड आणि भीमेकाठच्या बागायतदाराला त्याचं महत्त्व सांगायला नको. पण त्याच शेतकऱ्याच्या पडवीतल्या फियाटला हे इंधन सोसत नाही. इथेनॉल जुन्या पद्धतीचं रबर फुगवतं आणि मऊ करतं, ओलावा ओढून टाकी गंजवतं, शिवाय वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ सोडवून कार्बोरेटरकडे धाडतं. त्यात पेट्रोलच्या मानाने उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि ऑक्सिजनही असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं.

उपाय खर्चिक नाहीत. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे घाला. पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅस्केट बदला. टाकीनंतर साधा पारदर्शक फिल्टर लावा, म्हणजे गाळ डोळ्यांना दिसेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. काठोकाठ भरा किंवा रिकामी करा. मिश्रण पातळ वाटलं तर जाणत्या मिस्त्रीकडून जेट एक नंबर मोठा घालून घ्या. पेट्रोल गळतीला मात्र कधीही ‘बघू पुढच्या रविवारी’ म्हणू नये. जुन्या गाडीला आग लागते ती बहुधा तिथूनच.

देशात २००० साली शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं. ते शिसं जुन्या इंजिनांतल्या व्हॉल्व्हच्या बैठकांचं रक्षण करायचं. म्हणून हेड कधी उतरवलंच तर कडक पोलादी बैठका बसवून घ्याव्यात. टॅपेटचं अंतर पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह बैठकीत रुतत चालल्याची ती खूण समजा.

ऊन, पाणी आणि ब्रेक

शिरूर-दौंडच्या एप्रिलमध्ये फियाट चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. यात भुताटकी नाही. पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ढकलण्यासाठी केलेला पंप वाफ ढकलू शकत नाही. पंपावर ओला फडका ठेवायचा हा जुन्या ड्रायव्हरांचा इलाज शास्त्राला धरून आहे. पेट्रोलचा पाइप गरम भागांपासून दूर नेणं हा कायमचा इलाज.

रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालण्याची सवय मोडायला हवी. क्षारांचा थर आत बसत जातो, नळ्या बारीक होतात आणि मग दोष इंजिनवर जातो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दोन वर्षांतून एकदा बदल. इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

ब्रेकच्या बाबतीत आजच्या गाडीची सवय घातक ठरते. जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून एकच वाट असते. कुठेही गळती झाली की पायाखालचा पेडल थेट तळाला. दर दोन वर्षांनी ब्रेकचं तेल बदलणं आणि हँडब्रेक नेहमी पक्का ठेवणं म्हणूनच सक्तीचं. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वय बघा. बाजूला चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांवरचा टायर नक्षी असूनही बाद.

मिस्त्री कुठे मिळेल

शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून दोष शोधतात. फियाटला तो जोडायला जागाच नाही. तिला लागतो तो प्लग-पॉइंट साफ करून कानाने टायमिंग लावणारा माणूस, लेथवर बुश काढणारा टर्नर, गॅसवर पत्रा जोडणारा वेल्डर. मोटारपंप, ट्रॅक्टर आणि मळणी यंत्रं दुरुस्त करून जगणाऱ्या गावांत ही माणसं अजून आहेत. केंदूरच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. तिथेच २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. बाजारात न मिळणारी प्लास्टिकची मूठ किंवा पितळी बुश आरेखनावरून पुन्हा घडवणं हे अशा कार्यशाळांना साजेसं काम आहे. जुन्या गाड्यांची हौस फक्त श्रीमंतांची, हा समज मुंबईच्या रॅलीत चकचकीत रोल्स-रॉइस पाहून झालेला आहे. फियाट आणि जीपपुरता तो खरा नाही.

चालवायची कशी

चोक ओढा, सेल्फ मारा, इंजिन स्थिर झालं की चोक हळूहळू आत. जुन्या फियाटला पहिल्या गिअरमध्ये सिंक्रोमेश नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला टाका, नाहीतर दात वाजतील. उतारावर ब्रेक दाबत बसू नका. ड्रम तापले की धरत नाहीत. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि अंधारापूर्वी घरी या, कारण जुने दिवे समोरच्याला दिसतात, तुम्हाला रस्ता दाखवत नाहीत.

रस्ताही निवडून घ्यावा. शिक्रापूर-चाकण मार्गावर दोन औद्योगिक वसाहतींचे कंटेनर अखंड धावतात, नगर रस्त्याचं तर विचारूच नका. रविवारी सकाळी पाबळहून कान्हूर मेसाईकडे जाणारा रस्ता या गाड्यांच्या वेगाला मानवतो.

ज्याला ही हौस नव्याने लागली आहे त्याने क्रम उलटा करू नये. आधी कागद तपासा: नोंदणी पुस्तकातला चेसी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, जुना कर थकला आहे का. मग मिस्त्री गाठा. मग पत्रा बघा, कारण इंजिनचं काम काढता येतं, पण सडलेला तळ खर्चाला अंत ठेवत नाही. रंग सगळ्यांत शेवटी. आणि पहिल्याच दिवशी एक वही करा: तेल कधी बदललं, कुठला भाग कुठून आणला, कोणी बसवला. पुढे नोंदणीच्या वेळी गाडी मूळ रूपात आहे हे पटवून द्यायला ती वही उपयोगी पडेल. त्याहून महत्त्वाचं, ज्या मुलाने ही गाडी नवी असताना पाहिलेली नाही, त्याला ती चालू ठेवता येईल.