नियंत्रकास नवे हात जोडतांना

‘रिले’ हा शब्द रेडिओ ऐकणाऱ्या मंडळीस अपरिचित नाहीं. दिल्लीच्या बातम्या मुंबई केंद्रानें आपणांपर्यंत पोंचविल्या, म्हणजे त्या ‘रिले’ झाल्या असें आपण म्हणतों. मुळांत हा शब्द टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाचीं जनावरें बदलण्याच्या प्रघातावरून आला. विजेच्या शास्त्रांतही तेंच घडतें. १८३५ मध्यें जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञानें दुरून आलेल्या क्षीण प्रवाहानें एक लोहचुंबक चेतविला आणि त्याच्याकरवीं दुसऱ्या, बलवत्तर प्रवाहाची उघडझाप करविली. मला आज बोलावयाचें आहे तें या रिलेविषयीं.

कारखान्यांतील यंत्रांचा क्रम ठरविण्याचें काम पुष्कळ वर्षें रिलेंनी भरलेलीं मोठालीं कपाटें करीत असत. यंत्राचा क्रम बदलावयाचा म्हणजे सारें कपाट उसवून पुन्हां शिवावयाचें! या त्रासाला कंटाळून अमेरिकेंतील जनरल मोटर्सच्या एका विभागानें १९६८ मध्यें निराळ्या साधनाची मागणी केली, आणि डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक १९६९ मध्यें पुढें आला. यालाच पुढें पी.एल.सी. हें नांव रूढ झालें. विचार करण्याचें काम रिलेकडून गेलें. हात मात्र पुष्कळ ठिकाणीं रिलेचेच राहिले.

आतां हा नियंत्रक मुठीएवढा होऊन आपल्या सोसायटीच्या पंपघरांतही येऊं शकतो. उदाहरणार्थ, सीमेन्सचा ‘लोगो’ हा छोटा नियंत्रक घेऊं. त्याला हुकूम बजावण्यास चार आउटपुट असतात. आळीपाळीनें चालणारे दोन पंप, बोअरवेलचा एक आणि धोक्याची घंटा, एवढ्यांत चारही संपले. मग सभेंत ठराव होतो कीं तिन्ही इमारतींच्या पाण्याच्या झडपा व आवारांतील दिवेही त्यावरच घ्यावे. (सभेंत ठराव करण्यास वायरी लागत नाहींत.) अशा वेळीं नवा नियंत्रक घ्यावा लागत नाहीं, चार रिलेंचें एक जोड-मोड्यूल शेजारीं बसविलें कीं झालें.

बसविणें सोपें आहे. वीज पूर्ण बंद करावी, ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर मोड्यूल अडकवावें, सरकती खुंटी नियंत्रकांत ढकलावी आणि मोड्यूलला स्वतःचा वीजपुरवठा द्यावा. दोघांचा व्होल्टेजचा वर्ग एकच असला पाहिजे, एवढें खरेदीच्या वेळीं पाहावें. नवे आउटपुट आपोआप पांचव्यापासून मोजले जातात. मित्सुबिशीच्या एफएक्स जातींत मात्र मोजणी आठांची असते. तेथें ७ नंतर एकदम १० येतो, आणि आठवा आउटपुट शोधणारा नवखा वायरमन हैराण होतो.

येथवरचें काम अर्ध्या तासाचें. खरी विवंचना यापुढें आहे, आणि ती त्या रिलेच्या पोटांतील दोन चिमुकल्या धातूच्या टिकल्यांची आहे. वर सांगितलेल्या मोड्यूलचा प्रत्येक संपर्क शेगडीसारखा भार ५ अँपिअरपर्यंत पेलतो. पण भार वेटोळ्याचा असेल तर ३ च. वेटोळ्यांतील प्रवाह तोडूं जातां तो सहजासहजीं तुटत नाहीं. टिकल्यांमध्यें ठिणगी उडते आणि धातू जळतो. आपल्या घरांतील वीज सेकंदांत शंभर वेळां शून्यावर येते, म्हणून ती ठिणगी लौकर विझते. एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहांत तिला अशी उसंत नसते. यास्तव अशा झडपेच्या वेटोळ्यावर उलट दिशेनें डायोड, आणि घरगुती विजेवरील वेटोळ्यावर रोधक व कपॅसिटर यांची जोडी लावतात. किंमत थोडी, उपकार फार.

कांहीं बनावटींत अनेक संपर्कांचें एक टोक सामाईक असतें. एफएक्स-३यू मध्यें दर संपर्कास २ अँपिअर चालतात, पण आठांच्या गटास मिळून ८ च. नुसता पहिला आंकडा वाचून भार लावणारा फसतो.

आयुष्याचाही हिशेब करावा. सामान्य रिले भाराविना सुमारें एक कोटी वेळां हलतो. पूर्ण भार घेऊन मात्र साधारण एक लाख वेळां. पंप दिवसांतून आठ वेळां सुरू झाला तर लाख फेऱ्यांस चौतीस वर्षें पुरतात. तोच रिले सेकंदाला एकदां उघडझाप करणाऱ्या दिव्यास लावला तर सुमारें २८ तासांत लाख भरतो. भार हलका असतां आयुष्य वाढतें हें खरें, परंतु लुकलुकण्याचें काम ट्रान्झिस्टरच्या आउटपुटाकडे देणें शहाणपणाचें.

पांच अश्वशक्तीचा पंप तर रिलेवर थेट कधींच लावूं नये. तो चालतांना सुमारें ७ अँपिअर घेतो, पण सुरू होतांना त्याच्या पांच-सहा पट. अशा वेळीं टिकल्या वितळून एकमेकींस चिकटतात. मग नियंत्रक ‘थांब’ म्हणतो, पडद्यावर ‘बंद’ दिसतें, आणि पंप चालूच राहतो! गच्चीवरून पाणी वाहूं लागतें. किंवा तळटाकींतील पाणी संपून पंप कोरडा फिरतो व जळतो. म्हणून रिलेनें केवळ कॉन्टॅक्टरचें वेटोळें चेतवावें, आणि पंपाचा भार कॉन्टॅक्टरनें घ्यावा.

इतकें करूनही रिले चिकटणार नाहीं अशी हमी कोणी देत नाहीं. यासाठीं टाकी भरल्यावर वीज तोडणारा एक स्वतंत्र फ्लोट आणि तातडीनें थांबविण्याचें लाल बटण, हीं दोन्ही कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्याच्या तारेंतच घालावीं. कार्यक्रमाच्या भरवशावर ठेवूं नयेत. शिवाय कॉन्टॅक्टरची एक जादा टिकली नियंत्रकाच्या इनपुटास जोडावी. हुकूम बंदचा असून ती सेकंदभर चालू दिसली, कीं धोक्याची घंटा वाजावी. अर्थात् कॉन्टॅक्टरच स्वतः चिकटला तर फ्लोट किंवा लाल बटणानेंही तो सुटत नाहीं. तेव्हां घंटा ऐकून मुख्य कळ हातानेंच ओढावी लागते. तिचा रस्ता नव्या पहारेकऱ्यासही पहिल्याच दिवशीं दाखवावा, आणि महिन्यांतून एकदां पंप चालू असतांना फ्लोट हातानें उचलून कॉन्टॅक्टर सुटतो कीं नाहीं तें पाहावें.